नाकमावशीची बरणी

गिरणीत सगळ्यांनी तिला नाकमावशी म्हणायचं आणि तिने त्यावर मनातून खूश व्हायचं, असं एकोणीस वर्षं चाललं होतं. काम काय, तर धान्याचं पोतं उसवायचं, आत हात घालून मूठभर दाणे नाकाशी धरायचे आणि सांगायचं, की माल बिनऔषधाचा आहे की कुठल्या गोदामात कीडनाशकाच्या गोळ्यांशेजारी राहून आलाय. तिने नाक मुरडलं की गाडी परत. व्यापारी मग कितीही कागद नाचवू दे.

सुरुवातीला दिवसाला चार पोती यायची आणि गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूच्या पाच-सहा हौशी बायका. आता सगळ्यांना सेंद्रियचं वेडच लागलं होतं. वेड तरी कसं म्हणायचं? पोराच्या पोटात विष जाऊ नये असं वाटण्यात कसला आलाय वेडेपणा! डॉक्टर सांगत होते, मोठमोठे दुकानदार दर्शनी फळ्या मोकळ्या करून देत होते, मोबाइलवर मागण्यांचा पाऊस पडत होता. बाळांच्या पिठाला तर इतकी मागणी, की सकाळी आलेलं धान्य संध्याकाळी पाकिटात आणि पाकीट दुसऱ्या दिवशी गाडीत. मालकांनी पाकिटावर छापूनच घेतलं होतं, 'प्रत्येक पोतं वासाने पारखलेलं.'

आणि पारखणारं ते नाक दोन महिन्यांपूर्वी कामातून गेलं.

ती तापातून उठली त्या दिवशी गॅसवरचं दूध करपून भांडं काळं ठिक्कर पडलं, तरी शेजारीच उभ्या असलेल्या तिला पत्ता नाही. सून ओरडत आली तेव्हा कळलं. सांगितलं तर काम जाणार. त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती. नाक नसलेली नाकमावशी म्हणजे कोण? म्हणून ती गप्प बसली. पोत्यात तोंड खुपसायची, डोळे मिटायची, पूर्वीसारखीच मान डोलवायची आणि म्हणायची, "जाऊ दे."

जिवाला आधार म्हणून तिने एक बरणी केली होती. आलेल्या मालातले मूठभर दाणे बरणीत टाकायचे, घरच्या डब्यातले दहा-बारा सोंडकिडे, म्हणजे धान्यात होतात ते बारीक काळे किडे, त्यात सोडायचे आणि वर फडकं बांधायचं. किडे जगले तर धान्यात औषध नाही. पण किड्यांचा निकाल लागायचा दुसऱ्या दिवशी. तोवर तिचं "जाऊ दे" म्हणून झालेलं असायचं आणि दळणही.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता तिने फडकं सोडलं. किडे सगळे उताणे. सोंडकिडा तसा लबाड, हात लागला की मेल्याचं सोंग घेतो. तिने ते तळहातावर ओतले, तोंडाची गरम वाफ दिली, उन्हात धरले. एकही पाय हलेना.

बरणी तापली असेल. किडे म्हातारे असतील. मन भराभर कारणं काढून देत होतं आणि तिला त्यातलं एक तरी खरं हवं होतं. पण बाहेर कालच्या पिठाची गाडी भरून झाली होती आणि ड्रायव्हर मागचं दार लावत होता.

"थांबवा! गाडी थांबवा!"

मालक धावत बाहेर आले. "काय झालं, मावशी?"

"कालच्या मालात औषध आहे."

"अहो, काल तुम्हीच तर जाऊ दे म्हणालात."

"मला वास येत नाही, साहेब. ताप आला तेव्हापासून. दोन महिने झाले."

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं ड्रायव्हरला सगळा माल उतरवायला सांगितलं, पीठ तपासणीला पाठवायला सांगितलं आणि बरणीची हकिकत शांतपणे ऐकून घेतली. मग विचारलं, "या दोन महिन्यांत किडे एकदाही मेले नव्हते?"

"नाही. आजच."

"आणि दाणे प्रत्येक पोत्यातले घेत होतात?"

गाडीत साठ पोती यायची. ती दाणे घ्यायची पहिल्या पोत्यातले.

मशीन बंद केल्यामुळे पाकिटं भरणाऱ्या बायका दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्यातली सगळ्यात लहान, जिची मुलगी नुकती बसायला लागली होती, ती पुढे आली. हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे.

"मावशी, फाटकी पाकिटं मी घरी नेते ना, त्याचंच भरवते तिला. तुम्ही बघितलेलं असतं म्हणून." आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. "चांगलंच असेल ना हो ते?"

एकोणीस वर्षांच्या सवयीने "हो" अगदी ओठांवर आला. मावशीने तो गिळला.

"मला माहीत नाही गं," ती म्हणाली. "तू आत्ता घरी जा. पळत जा."