आमदार येणार म्हणून छताला बांधलेली चादर

मागच्या रविवारी आमच्या येरवड्याच्या वसाहतीत आमदारसाहेब येऊन गेले... आणि आम्ही आमच्याच हातानं एक घोडचूक केली. तोंडानं सांगायची लाज वाटते, म्हणून इथे लिहितोय.

गृहनिर्माण मंडळानं या इमारती बांधल्या तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो. ओल्या चुन्याचा वास, गॅलरीसमोर चिंचेची झाडं... सकाळी तिथे उभा राहून शाळेतल्या कविता खणखणीत म्हणायचो. आता त्याच गॅलरीत मोठ्यानं खोकायचीही भीती वाटते.

पुनर्विकास व्हावा म्हणून निवेदनं देऊन देऊन थकलो. शेवटी साहेब म्हणाले, प्रत्यक्ष बघतो आणि विधानसभेत विषय मांडतो.

खरं बघण्यासारखं होतं ते माझ्या वरच्या मजल्यावर, नसीमभाभींच्या स्वयंपाकघरात. गिलावा पडून छताच्या सळया उघड्या झाल्यात. भाभी स्कूटरचं हेल्मेट घालून पोळ्या लाटतात. त्यांचे मालक सलीमभाई टेलर. त्यांचं शिलाई मशीनही तिथेच, खिडकीखाली... घरात उजेड तेवढाच.

पण पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्या अंगातच आलं. जिन्याला चुना, दारोदार रांगोळ्या, फुटक्या ड्रेनेजच्या पाइपापुढे कुंड्या. जिन्यातल्या भल्यामोठ्या भेगेवर मी माझा फळा टांगला. त्यावर रोज सुविचार लिहितो, त्या दिवशी स्वागताच्या चार ओळी रचल्या... रंगीत खडूंनी.

भाभींनी लेकीच्या लग्नातली जरीची चादर छताला ताणून बांधली. सुचवलं मीच होतं. "साहेब वर बघतील भाभी, बरं दिसत नाही ते."

साहेब आले. हार झाले, पोहे झाले, फळ्यापुढे फोटो झाले. भाभींकडे शीरखुर्मा खाताना वर बघून म्हणाले, "वा, शामियान्यात बसल्यासारखं वाटतंय!"

सगळे हसले. मीही हसलो... चादरीची दोरी माझ्या हाताशी होती.

निघताना साहेब म्हणाले, "याच्यापेक्षा वाईट वसाहती आहेत हो माझ्याकडे. तुम्ही फार छान ठेवलीय." गाडी गेली. आम्ही पोह्यांच्या रिकाम्या बश्या गोळा करायला लागलो.

गुरुवारी दुपारी छताचा तुकडा पडला, चादरीसकट. सलीमभाईंचा उजवा हात दोन ठिकाणी मोडलाय. कात्री धरायचा हात. पकड पूर्वीसारखी येईलच असं डॉक्टर सांगत नाहीत.

काल वर गेलो. जिना चढताना माफीचे शब्द जुळवत होतो, दारात पोचेपर्यंत सगळे विसरलो.

सलीमभाई हात गळ्यात बांधून बसले होते. म्हणाले, "अण्णा, फळ्यावरची कविता झकास होती. छत तेवढं यमकात बसलं नाही."

"बसा आता," ते म्हणाले, "नवीन निवेदन लिहा."

'जीर्ण, थरथरत्या भिंतींच्या सावलीत' अशी सुरुवात केली, तर भाभींनी थांबवलं. "ते राहू द्या अण्णा. सळया कुठून कुठपर्यंत दिसतात ते लिहा. यांचा हात लिहा."

आणि बोलता बोलता त्यांनी आपल्या डोक्यावरचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर ठेवलं. मी नको नको म्हणत होतो. "असू द्या हो, पाहुणे आहात."

सात ओळींचं निवेदन झालं. आयुष्यात पहिल्यांदा एकही विशेषण न वापरता लिहिलं. खाली उतरताना फळा काढून घरात आणला... भेग आता येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते.

साहेबांना पुन्हा बोलावलंय. या वेळी पोहे नाहीत, हार नाहीत. दारात फक्त हेल्मेट ठेवणार आहोत.