घडी नसलेली मतं

बाटल्यांच्या कारखान्यात तिला सगळेच वहिनी म्हणत. खरं तर ती एकाच माणसाची वहिनी, युनियनच्या अध्यक्षाची. पण अध्यक्ष ज्याला-त्याला भाऊ म्हणायचा, म्हणून ती साऱ्या कारखान्याचीच वहिनी होऊन बसली. काम तपासणीचं. पट्ट्यावरून बाटल्या सरकायच्या आणि तडा, बुडबुडा, वाकडं तोंड हेरून वहिनीनं ती बाटली बाजूला काढायची. अठरा वर्षं हेच.

नवरा भट्टीवर होता. तिथल्याच अपघातात तो गेला, तेव्हा मालकानं हात वर केले. धाकटा दीर तेव्हा साधा भट्टीकामगार. तो गेटवर ठाण मांडून बसला, त्याच्यामागे चारशे माणसं बसली, आणि नवव्या दिवशी वहिनीच्या हातात नोकरीचं पत्र आलं. पुढे लोकांनी त्यालाच अध्यक्ष केलं.

पण खुर्चीत मुरला तसा दीर बदलला. कायम व्हायचं असेल तर आधी अध्यक्षाच्या घरी पाकीट पोचवावं लागतं, अशी कुजबुज सुरू झाली. "लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?" म्हणून वहिनी विषय बदलायची. एकदा मात्र पट्ट्यावर शेजारी उभी राहणारी हंगामी तपासनीस डबा खाताना हळूच म्हणाली, "वहिनी, कानातलं मोडून पैसे दिले मी तुमच्या भाऊजींना. तरी कायम करायच्या यादीत नाव नाही."

वहिनीनं अर्धा डबा तसाच बंद केला.

त्या वर्षी निवडणुकीला अध्यक्षासमोर माल उचलण्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर उभा राहिला. फारसा बोलायचा नाही, म्हणून त्याला मुका म्हणत. मुका भाषण कसं करणार, म्हणून लोक आधी पोट धरून हसले. मग तो ऐकतो तरी, असं म्हणू लागले.

मोजणीला वहिनीचं नाव अध्यक्षानंच सुचवलं. घरचं माणूस असलेलं बरं! मुक्यानंही हरकत घेतली नाही. तिच्या हातून फुटकी बाटली सुटत नाही, हे कोणाला ठाऊक नव्हतं?

कँटीनच्या टेबलावर तिसरी पेटी उलटी केली. वहिनी कागद लावत होती आणि मधेच तिचं बोट थबकलं. एक कागद सपाट. दुसराही. असे साठ-सत्तर, सगळ्यांवर अध्यक्षाच्याच नावापुढे शिक्का. पेटीची फट बोटभर; चार घड्या घातल्याशिवाय मत आत जायचंच नाही. दीर दारात हसत उभा होता.

"थांबा," ती म्हणाली. "या मतांना घडीच नाही."

"वहिनी, डोळे थकलेत तुमचे," दीर म्हणाला.

"डोळे थकले असतील भाऊजी, बोटं नाहीत. घ्या, यातला एक कागद घडी न घालता फटीतून घालून दाखवा."

त्यानं कागद घेतला. फटीपाशी तो चुरगळला. कोणी हसलं नाही.

मोजणी रद्द झाली, फेरमतदान ठरलं. घरी जाऊबाईंनी तोंड सोडलं, "खाल्ल्या घरचे वासे मोजलेत!" वहिनी मोरीत नळ सोडून रडली. चौथ्या दिवशी दीर जिन्यात आडवा आला.

"दादा असता तर हे केलं असतंत?"

"ते असते तर मला बोलावं लागलं नसतं. तेच बोलले असते." तिनं हातातली पिशवी पायरीवर ठेवली. "गेटवर बसला होतात, त्या माणसाचे उपकार मी आजही मानते, भाऊजी. पण तो कुठे गेला?"

तो जिना उतरून खाली गेला.

फेरमतदान उघड्या पटांगणात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. मुका एक्केचाळीस मतांनी निवडून आला. त्याचं भाषण एवढंच: "कायम करायच्या हंगामींची यादी उद्या फळ्यावर लागेल, ज्याची नोकरी जुनी त्याचं नाव आधी. चुकलं तर मला धरा." शेजारच्या तपासनीस बाईचं नाव त्यात सातवं होतं. चौकशीत दिरानं पाकिटांची आणि खोट्या मतांची गोष्ट कबूल केली, पैसे परत करायला सुरुवात केली आणि मान खाली घालून पुन्हा भट्टीवर रुजू झाला.

चार महिन्यांनी युनियनच्या सभेत तो मागून उठला. लोक कुरकुरले. "बोलू द्या," मुका म्हणाला. भट्टीवरचे हातमोजे तीन दिवसांत जळतात, पोरांचे तळवे सोलतात, असं दीर सांगू लागला. आधी अडखळत, मग खणखणीत. शेवटी टाळ्या नव्हत्या. पण हातमोज्यांची मागणी एकमतानं लिहून घेतली गेली.

बाहेर पडताना तो वहिनीजवळ रेंगाळला. "मिळतील ना मोजे?"

"न मिळायला काय झालं? नाही दिले तर बसू गेटवर," ती म्हणाली, आणि दोघं बोलत बोलत घराकडे वळली.