शंभरामागे किती पेट्या

माझ्या साडूला मी अजून माफ केलेलं नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे मी कुणाला मोठ्या मनाचा वाटायला नको.

अमेरिकेत फ्रीमाँटमधलं आमचं किराणा दुकान मी एका गाळ्यापासून वाढवलं, साडू नंतर भागीदार झाला. उन्हाळ्याच्या तोंडावर हापूसच्या पेट्या विमानाने येतात आणि आसपासची निम्मी मराठी घरं आमच्याकडे आधीच नाव नोंदवून ठेवतात. वाटेत थोड्या पेट्या सडतातच. म्हणून दर हंगामाआधी, आंबे मागवणाऱ्या गुजराती शेठशी एकच सौदा असायचा: शंभरामागे किती खराब पेट्या तो बदलून देणार. मी दहा म्हणायचो, तो दोन. मग आरडाओरडा, टेबलावर हात आपटणं, दोनदा उठून दारापर्यंत जाणं, आणि शेवटी चहा. वीस वर्षं हे चाललं. माझ्याकडे डिग्री नव्हती, जीभ होती.

दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला आणि तीच गेली. उजवा हात लुळा पडला, तो परवडला. पण शब्द डोक्यात असायचा आणि तोंडातून भलताच पडायचा. बायकोकडे पाणी मागायला जावं तर ‘चप्पल’ निघायचं. ती बिचारी चप्पल आणून द्यायची, मी ती फेकायचो. ऐकलेलं मात्र सगळं कळत होतं, आणि हेच कोणी धरून चालत नव्हतं. दुकानात गिऱ्हाईकं माझ्यासमोर उभी राहून साडूला विचारायची, “काका कसे आहेत आता?”

गेल्या वर्षी हंगामाआधी साडू मला शेठच्या गोदामात घेऊन गेला, तेही बायकोने हट्ट धरला म्हणून. मला खुर्चीत बसवलं आणि शेठला म्हणाला, “ह्यांना आता फारसं कळत नाही. यू टॉक टु मी.” आणि तीनावर सौदा करून मोकळा झाला. तीन! मी ओरडलो. काय ओरडलो ते मलाही कळलं नाही. शेठने मान खाली घातली. घरी येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होतो, आणि साडूने रेडिओ लावला.

वर्षभर स्पीच थेरपी केली. पाच-पन्नास शब्द परत आले, आकडे येईनात. एकदा थेरपिस्टने टेबलावर पेन्सिली ठेवून विचारलं, किती? तोंडातून आलं ‘मंगळवार’. पण डाव्या हाताची चार बोटं वर झाली होती, आणि पेन्सिली चारच होत्या. त्या बोटांकडे बघताना मला वडील आठवले. ते बैलबाजारात दलाल होते. उपरण्याखाली हात घालून समोरच्याची बोटं दाबायची, भाव ठरायचा, बाजूला उभ्या माणसाला पत्ता लागायचा नाही. मलाही त्यांनी ते शिकवलं होतं. शेठचं घराणं कापसाचं. त्याचा काका रुमालाखाली असेच सौदे करायचा, हे त्यानेच कधीतरी चहा पिताना सांगितलेलं.

यंदा मी खिशात मोठा नॅपकिन घालून गेलो.

“दादा, प्लीज, उगाच सीन नको,” साडू म्हणाला.

मी दातांनी धरून नॅपकिन डाव्या हातावर ओढला आणि हात पुढे केला. शेठ बघत राहिला. मग त्याचा हात हळूच नॅपकिनखाली आला. मी त्याची आधी पाच बोटं दाबली, मग चार. त्याने हात काढून घेतला.

“मंजूर,” तो म्हणाला. “नौ.”

“नाइन? दादा, अमेझिंग!”

माझं डोकं भडकलं. वीस वर्षांत या माणसाने मला सात दिले नव्हते. हे नऊ म्हणजे तिरडीवर टाकलेली फुलं होती. मी नॅपकिन ओढून त्याच्या अंगावर फेकला. शब्द शोधू लागलो. साडूने माझ्या वतीने बोलायला तोंड उघडलं, मी हात उगारला तेव्हा ते मिटलं. बराच वेळ गेला. मग शब्द आला.

“भांड!”

शेठने आमचं मराठी वीस वर्षं ऐकलंय, मी भांडण मागतोय हे त्याला कळलं. त्याने नॅपकिन उचलला, झटकला, शर्टाची बाही वर केली. “पागल आदमी,” म्हणाला आणि हात आत सरकवला. माझं एकच बोट दाबलं. दोनसुद्धा नाही, एक!

“चोर!” हा शब्द तोंडातून बिनचूक आला. शिव्या माझ्या कुठेच गेल्या नव्हत्या.

अर्धा तास झाला. मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो. काठीमुळे फार सावकाश जावं लागतं, त्यामुळे समोरच्याला विचार बदलायला भरपूर वेळ मिळतो, हा नवा फायदा मी लक्षात ठेवलाय. सहावर सौदा ठरला. मग चहा आला.

परतताना साडू म्हणाला, “दादा, तो नऊ देत होता. तुम्ही सहावर आलात. हू डज दॅट?” उत्तर होतं, शब्द नव्हते. मी त्याला रस्त्याकडे बघायची खूण केली.

हंगाम सुरू झाला आणि मी पहिल्या शंभरातली सातवी सडकी पेटीही शेठकडे परत पाठवली. तासाभरात दुकानात फोन वाजला. साडूने स्पीकरवर घेतला.

“तू नको,” शेठ म्हणाला, “उसको दे. मुझे गाली देनी है.”

साडूने फोन माझ्या पुढ्यात ठेवला. मी खुर्ची जवळ ओढली.