रविवारची फवारणी

उद्धवसर अहमदपूरच्या शाळेत विज्ञान शिकवतात आणि चाकूरजवळची तीन एकर जमीन रविवारी कसतात. गावात त्यांना तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण 'रविवारचे शेतकरी' ही पदवी काही शिक्षण खात्याने दिलेली नाही. फळ्यावर फूल मात्र असं काढतात की बघत राहावं. मधमाशी नसेल तर काय होतं, हे तर त्यांच्याकडूनच ऐकावं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्यांनी वर्गात कितीदा तरी वापरली असेल.

शेजारचं शेत गुणाबाईचं. देगलूरहून लग्न होऊन आली तेव्हा आईनं तिच्या ओटीत कांद्याचं बी घातलं होतं. ते वाण तिनं चाळीस वर्षं जपलं. कांद्याचं बी साठवून फार टिकत नाही, दरसाल नवं धरावं लागतं. एक साल चुकलं की वाण गेलं. म्हणून दोन गुंठे नेहमी बियासाठी राखलेले. आजूबाजूला सोयाबीन आणि रस्त्यालगत पाडलेले प्लॉट, बांधावरची झाडं कधीच तुटलेली. मधमाश्यांचं मोहोळ म्हणाल तर एकच उरलेलं, गुणाबाईच्या बांधावरच्या बोरीत.

माघात कांद्याचे गोंडे फुलले आणि सरांच्या फुलावर आलेल्या करडईवर मावा पडला. गुणाबाई मुद्दाम येऊन सांगून गेली, फवारायचं तर दिवस मावळल्यावर फवारा, माशा गोंड्यांवर हायत. सर हो म्हणाले. पण गावातून परतायला एसटी एकच, पाचची; आणि त्या रात्री घरी मेव्हण्यांचं जेवण होतं. दहा वाजताच सरांनी पंप पाठीला लावला. दुपारी करडईच्या सरीत माश्या पडलेल्या दिसल्या. त्यांनी पायानं त्यांच्यावर माती लोटली आणि पाचची एसटी धरली. रात्री पुरणपोळी घशाखाली सहज उतरली, हे त्यांना पुढे फार लागलं.

पुढच्या रविवारी गुणाबाई वाकून एकेका गोंड्यावरून तळहात फिरवत होती, माश्यांचं पराग वाहायचं काम आता हातानं करत. मोहोळ रिकामं झालं होतं. ती म्हणाली की चूक तिचीच, गेल्या आठवड्यात तिनं बांधालगत काड पेटवलं, धुरानं माश्या गेल्या. बोलायची वेळ तीच होती. सर बोलले नाहीत. उलट हात कसा फिरवावा हे त्यांनी तिला शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं आणि स्वतःही वाकून फिरवू लागले. पुढचे तीन रविवार ते तिच्या शेतात राबले. सर देवमाणूस हाय, असं गुणाबाई गावभर सांगत सुटली. प्रत्येक वेळी ते कानावर आलं की सरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

चैत्रात तिनं गोंडे चोळले, सुपात पाखडले. पोचट होतं ते सगळं उडालं. तळाशी काळं बी राहिलं, मूठभर. त्यातलं निम्मं तिनं कागदाच्या पुडीत बांधून सरांच्या हातात दिलं. तुमचाबी हात लागलाय, म्हणाली.

पुडी हातात आली आणि सरांना राहवेना.

"मावशी, माश्या धुरानं गेल्या नाहीत. तुम्ही सांगूनही मी सकाळीच फवारलं. मेलेल्या माश्या मीच मातीत लोटल्या."

गुणाबाईनं सूप खाली ठेवलं.

"दोन महिने मी माझ्या हाताला शिव्या देत राहिले, सर," ती म्हणाली. "अन् तुमी बाजूलाच उभे व्हता."

तिनं पुडी त्यांच्या हातातून काढून घेतली, सोडली, बी परत सुपात ओतलं आणि खडे वेचायला लागली. जा म्हणाली नाही, बसाही म्हणाली नाही. फाट्यावर पाचच्या एसटीनं हॉर्न दिला आणि गाडी निघून गेली. सर तिथंच उभे होते.