अंधारातल्या मशीनची पूजा

रतन साळवेला अंधारात काम करायची सवय आहे, आणि खरं सांगायचं तर उजेडात हा माणूस जरा बावळटच दिसतो. लहान वयातच तो अंधेरी स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत लागला, डार्करूममध्ये फिल्म धुवायला. लोकांची लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो त्याच्या हातून निघाले. मग घरोघरी मोबाइल आले आणि स्टुडिओच्या जागी केकचं दुकान झालं. भांडुपच्या घरात तो कित्येक महिने बसून होता. आमच्या लॅबचे प्रमुख अनिरुद्ध सर यांनी डार्करूमसाठी माणूस शोधायला सुरुवात केली तेव्हा त्यांची एकच अट होती. तासन्‌तास अंधारात राहून ज्याचं डोकं फिरणार नाही असा माणूस हवा. असा माणूस आख्ख्या मुंबईत रतनच होता बहुतेक.

मी या लॅबच्या पुढच्या टेबलावर बसते. फोन घेणं, कुरिअर सोडवणं, रिपोर्ट टाइप करणं आणि वेळ पडली तर सगळ्यांची खरडपट्टी काढणं, ही माझी कामं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला हा साधा गाळा. एका बाजूला पुठ्ठ्याचे खोके बनवतात, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगा. आम्ही इथे वाळूचं वय काढतो, हे त्या दोन्ही शेठना अजून पटलेलं नाही.

काम समजायला अवघड नाही. जमिनीत गाडल्या गेलेल्या वाळूच्या कणात आजूबाजूच्या मातीतली ऊर्जा वर्षानुवर्षं थोडी थोडी साठत जाते. कणावर उजेड पडला की ती निघून जाते आणि पुन्हा गाडला गेला की शून्यापासून सुरुवात. म्हणून ज्या थरात जुन्या माणसांची दगडी हत्यारं सापडतात, त्या थरातली वाळू अंधारातच काढायची, अंधारातच आणायची, मंद लाल दिव्याखाली धुवायची, बारीक चकत्यांवर चिकटवायची आणि मशीनमध्ये घालून विचारायचं की बाई, तू शेवटचं ऊन कधी पाहिलंस? मध्येच कुठे उजेड लागला तर वाट लागली. मग वय कमी निघतं, नाहीतर कसंही निघतं.

कल्पिता ही मुलुंडची मुलगी, पीएचडी करणारी. कोकणातल्या एका गुहेच्या मागे ती पाच वर्षं होती. गुहेतले थर बघून ती सांगायची, इथे पाऊस धो धो होता, इथे तो इतका आटला की नुसती धूळ साचली, आणि त्याच कोरड्या काळात माणसं इथे राहायला आली, ही बघा त्यांच्या चुलीची राख. फक्त कधी आली, तेवढं तिला माहीत नव्हतं. नमुना काढायला ती रतनला घेऊन गेली. काळ्या ताडपत्रीच्या आड त्याने राखेच्या थरात लोखंडी नळी ठोकली, भरली, दोन्ही तोंडं बंद केली आणि पोर छातीशी धरावं तशी मुंबईला आणली.

परत आला तो निराळाच माणूस. जेवताना रोज तेच. "ताई, चुलीशेजारी बसायला सपाट दगड आहे तिथे. मी बसलो ना त्याच्यावर. बरोबर बसलो, यार! म्हणजे कोणीतरी तिथेच बसत असणार, हात शेकत." आम्ही हसायचो.

पुढे रस्ता रुंद करायला निघालेल्यांनी सुरुंग लावून डोंगराची ती बाजूच उडवली. गुहा गेली, चूल गेली, तो दगडही गेला. राखेच्या थरातली माती जगात आता एकाच ठिकाणी होती, रतनच्या डार्करूममधल्या त्या नळीत. त्यातून वय निघालं तर निघालं. नाहीतर ती माणसं कधी आली होती हे पुन्हा कोणालाच कळणार नव्हतं.

आता सगुणामावशी. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली बाई. नवरा गेला, होडी विकली गेली, मग झाडूपोछ्याच्या कामाला आमच्याकडे आली. तोंडाने फटकळ, पण रतनवर तिची माया. त्याच्यासाठी डब्यात सुक्या बोंबलाची चटणी वेगळी असायची. मी मागितली तर म्हणायची, "तुला कशाला? तू काय दिवसभर काळोखात बसतेस?"

दसऱ्याला आमच्या वसाहतीत प्रत्येक गाळ्यात मशीनची पूजा होते. झेंडूचा हार, हळदकुंकू, दिवा, पेढे, आणि दुपारी शटर खाली. रतनच्या घरी मात्र तो धम्मचक्र प्रवर्तन दिन. बायको-मुलीला घेऊन तो दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जातो आणि चार दिवस सुट्टी काढतो. त्यामुळे आमची सगळी मशीनं सजायची, फक्त डार्करूमचं दार बंद राहायचं. गेल्या दसऱ्यालाही तो गेला. जाण्याआधी कल्पिताच्या नळीतली सगळी वाळू धुऊन त्याने चकत्या तयार केल्या. काही मशीनमध्ये भरल्या. उरलेल्या मशीनशेजारी काचेच्या बशीत झाकून ठेवल्या. काचेच्या झाकणाने उजेड थांबत नाही, पण त्या खोलीत उजेड येणार कुठून?

नोव्हेंबरमध्ये आकडे आले आणि कल्पिता माझ्या समोरच्या खुर्चीत मटकन बसली. काही चकत्या म्हणत होत्या चाळीस हजार वर्षं, काही म्हणत होत्या बारा, काही पाच. अनिरुद्ध सरांनी रीतसर अर्थ लावला. उंदीर-घुशींनी बिळं करून वरची माती खाली नेली असणार. थर मिसळलेले आहेत, यावर विसंबता येणार नाही. म्हणजे नुसतं वय गेलं नाही, तिचे पावसाचे आणि दुष्काळाचे थरही संशयात आले. पाच वर्षांचं काम पाण्यात. पोरीचा चेहरा बघवत नव्हता. आणि रतन? तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "सर, मी स्वतः नळी ठोकली. थर एकदम साफ होता. रेघ मारल्यासारखा." सर म्हणाले, "डोळ्यांना साफ दिसतं रे."

महिन्याभराने मशीनची सर्व्हिसिंग निघाली. त्या दिवशी डार्करूममध्ये कित्येक महिन्यांनी ट्यूब लागली. मी चहा द्यायला गेले तर रतन मशीनसमोर पुतळा होऊन उभा. मशीनच्या पांढऱ्या झाकणावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं, त्यात अक्षतांचा एक दाणा. शेजारी टेबलावर तेलाचा गोल डाग. लाल उजेडात लाल कुंकू दिसतच नाही. दोन महिने तो त्या बोटासमोर बसून काम करत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

रतनने मावशीला विचारलं तर ती खूशच झाली.

"मीच केली पूजा. दर साली सगल्यांना दिवा, आनि तुजं मशीन तेवढं पोरकं. मना बरं नाय वाटलं."

"मावशी, मी सांगितलं होतं ना, आत उजेड करायचा नाही?"

"नाय केला! तू बोल्लास ट्यूब लावायची नाय, मी बोटसुदीक लावला नाय बटनाला. दिव्यावरच केलं सगलं."

"किती वेळ होता दिवा?"

"किती वेल म्हंजे? देवाचा दिवा कोन फुकून इजवतं का? भरून ठेवला व्हता तेल घालून. आपला आपन शांत झाला असंल सांजचा. दुसऱ्या दिशी सकाली मीच उचलला."

रतन परत आत गेला. कुठली चकती कुठे होती ते त्याने लावून पाहिलं. मशीनमध्ये बंद होत्या त्या सगळ्या चाळीस हजारांच्या आसपास. बशीतल्या होत्या त्यांनी गोंधळ घातला होता. गुहेची काही चूक नव्हती.

मी त्याला स्पष्ट सांगितलं, "तोंड बंद ठेव. माती परत येणार आहे का? त्या चार चकत्यांवर कोणी वय मानणार आहे का? मग उगाच बाईच्या पोटावर का पाय देतोस?" तो म्हणाला, "ताई, गुहेवर खोटा आळ आलाय. आता ती स्वतः सांगायलासुद्धा उरली नाही." मला त्याचा भयंकर राग आला. तो बरोबर बोलत होता म्हणून जास्तच आला.

दुसऱ्या दिवशी कल्पिता आली तेव्हा त्याने सरांच्या केबिनमध्ये सांगून टाकलं. नाव घेतलं नाही. दसऱ्याला कोणीतरी आत दिवा ठेवला होता एवढंच म्हणाला, आणि चकत्या काळ्या डब्यात ठेवायला हव्या होत्या, चूक माझी आहे, असंही म्हणाला. भोळा बिचारा! लॅबमध्ये हळदकुंकू कोण करतं हे पुठ्ठेवाल्यालासुद्धा माहीत आहे.

कल्पिताने एकदाच विचारलं, "म्हणजे रतनदादा, माझे थर मिसळलेले नव्हते?" त्याने मान हलवली. ती हसली, आणि मग टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. रिपोर्ट मीच पुन्हा टाइप केला. नमुना प्रयोगशाळेत खराब झाला, थर मिसळल्याचा पुरावा नाही, वय सांगता येत नाही.

सगुणामावशीला सरांनी त्याच आठवड्यात काढलं. रतन केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, काढायचं तर मला काढा. सर म्हणाले, "तुझ्यासारखा माणूस मला दुसरा मिळणार नाही. झाडू मारायला कोणीही येईल." रतन बाहेर आला. त्याची मुलगी नर्सिंगला आहे. त्याने नोकरी सोडली नाही.

रविवारी तो वेसाव्याला निघाला. एकट्याने जायचा त्याला धीर होत नव्हता, म्हणून मी बरोबर गेले. मावशी अंगणात कोळंबी सोलत बसली होती, दुसऱ्या कोणाची तरी, मजुरीवर. तिने आम्हाला बसायला पाट दिले, सुनेला चहा टाकायला सांगितला. रतनने सगळं पुन्हा सांगितलं. राख, चूल, डोंगर उडवला ते, चाळीस हजार वर्षं. ती हात न थांबवता ऐकत होती.

"त्या गुहेतली मानसं," तिने विचारलं, "तुजी कोन लागत व्हती?"

"कोणी नाही, मावशी."

तिने सोललेली कोळंबी टोपात टाकली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

"आनि मी रं?"