हरेल त्याचा ब्रेक

आमच्या मंडळात कॅरम खेळायला एक एसटी कंडक्टर यायचा. जिंकणाऱ्यानेच पुढच्या डावाचा ब्रेक, म्हणजे पहिला फटका, घ्यायचा, हा आमचा रिवाज त्याला खुपायचा.

"मास्तर, हरलेल्यान काय नुसता बघत ऱ्हवायचा?" तो मला विचारायचा.

चहा निवायचा, पण वाद संपत नसे. शेवटी गणपतीच्या स्पर्धेत, आमच्या दोघांच्या अंतिम सामन्याआधी, सगळ्यांनी वैतागून त्याचं ऐकलं: हरेल त्याचा ब्रेक.

बरोबरी झाली. आधीचा डाव तो हरला होता, म्हणजे निर्णायक ब्रेक त्याचा. त्याने स्ट्रायकर माझ्याकडे सरकवला.

"तुम्हीच घ्या. नियम मी मागितलाय, पयला फायदा माझाच नको."

"आता ह्याला स्वतःचाच नियम चालत नाय," कुणीतरी करवादलं.

मी निमूट ब्रेक घेतला आणि जिंकलो. तेव्हा त्याचा वैताग यायचा. आता जिंकलेला कप पुसताना येतो, तो माझा.