शुद्धीवर असल्याचा दाखला

ताप, खोकला, जुलाब यांचे किस्से होत नाहीत. माणूस बरा होतो, आपण विसरतो. माझ्याकडे साठले ते दाखल्यांचे किस्से.

ओतूरला एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला माझा दवाखाना होता आणि वरच्या मजल्यावर साबळे वकिलांचं ऑफिस. नव्वद सालानंतर आमच्याकडे लोक मृत्युपत्रं करायला लागले. साबळे वकिलांचा नियम कडक. मृत्युपत्र करणारा म्हातारा असला की डॉक्टरचा दाखला हवाच. ‘सदर इसम पूर्ण शुद्धीवर असून त्यांस सर्व समजते.’ त्यामुळे ज्याला काहीच झालेलं नाही असा पेशंट जिना उतरून माझ्याकडे यायचा. पंधराएक वर्षं हे चाललं. आता जुन्या मैत्रिणी जमल्या की मला हेच सांगायला लावतात.

*

पहिला दाखला मी पुस्तकात असतो तसा द्यायला गेले. डोंगराकडून आलेले सखारामबाबा, भाताची खाचरं तीन मुलांना वाटून द्यायला निघाले होते. त्यांना वार विचारला, महिना विचारला. दोन्ही बरोबर. मग कॉलेजात शिकवलं होतं तसं विचारलं, देशाचे पंतप्रधान कोण?

त्या दिवसांत दिल्लीत सरकारं भराभर बदलत होती. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, जरा विचार केला आणि मलाच विचारलं, “सकाळच्या बातम्यांपर्यंतचं सांगू का? दुपारचं काय आमी ऐकलं न्हाई.”

दाखला लगेच दिला. तो प्रश्न मात्र त्या दिवसापासून बंद केला.

*

नारायणगावचा एक टोमॅटोचा व्यापारी वडिलांना जीपमधून घेऊन आला. मृत्युपत्र तयार होतं, फक्त सही बाकी. मी म्हाताऱ्याला नाव विचारलं, ते मुलाने सांगितलं. वय विचारलं, तेही मुलाने सांगितलं. जेवण जातं का, झोप लागते का, सगळं मुलगाच सांगत होता. म्हातारा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत गप्प. मला वाटलं, काही खरं नाही. मुलाला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं.

दार लागल्याबरोबर म्हातारा बोलायला लागला. त्या कागदात धाकट्या मुलाचं नावच नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सही करायची नव्हती, पण थोरल्याच्याच घरात राहायचं असल्यामुळे नाहीही म्हणता येत नव्हतं.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “आज मी शुद्धीत न्हाई असं लिवता का?”

खोटं लिहिणं शक्य नव्हतं. पण ब्लडप्रेशर मोजलं तर ते खरंच वाढलेलं निघालं. मी लिहिलं, आठ दिवस विश्रांती, कोणताही ताण देऊ नये. पुढे दर आठवड्याला तो प्रेशर दाखवायला येत राहिला, चार वर्षं. शेवटी मुलगाच कंटाळला आणि धाकट्याचं नाव घालून नवा कागद करून आणला. त्या दिवशी प्रेशर एकदम नॉर्मल होतं.

*

तुकाराम गुरुजी रिटायर्ड मास्तर, मृत्युपत्राच्या बाबतीत फार काटेकोर. साक्षीदार म्हणून त्यांनी आपले बालमित्र आणले, दोघेही त्यांच्याच वयाचे. तीन वर्षांत दोघे गेले. साबळे वकील म्हणाले, गुरुजी, साक्षीदार जिवंत असलेले बरे, नवीन कागद करू. गुरुजींनी आणखी दोन मित्र आणले. तेही गेले.

तिसऱ्या वेळी गुरुजी एकटेच माझ्याकडे आले आणि खुर्चीत बसून राहिले. साक्षीदार कुठे आहेत, मी विचारलं.

“कुणी तयारच होत नाही,” ते म्हणाले. “परवा पारावर गेलो, तर मी खिशातून पेन काढल्याबरोबर सगळे उठले.”

शेवटी साक्षीदार म्हणून मी आणि माझ्या नर्सने सही केली. नर्सने आधी देवाला नमस्कार केला.

*

निमगाव सावाच्या हौसाआत्यांना त्यांचे दोन भाऊ घेऊन आले होते, हक्कसोडपत्राला. म्हणजे बापाच्या जमिनीवरचा आपला हिस्सा बहिणीने भावांना सोडून द्यायचा. साबळे वकिलांनी आत्यांना सगळं वाचून दाखवलं, कळलं का विचारलं. कळलं, म्हणाल्या. पॅड पुढे केलं, त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला, पदराला पुसला आणि भावांबरोबर निघून गेल्या.

दोनेक वर्षांनी त्या एकट्याच आल्या, शेअर जीपने. नवऱ्यामागे त्यांच्या नावावर झालेलं घर लेकीला द्यायचं होतं, त्याचं मृत्युपत्र. वकिलांनी पॅड उघडलं, तर त्यांनी ते बाजूला सारलं आणि पेन मागितलं. हक्कसोडपत्राच्याही आधी साक्षरता वर्गात शिकलेली सही, एकेक अक्षर सावकाश काढत, वडिलांच्या नावासकट पूर्ण केली.

वकील म्हणाले, “आत्या, सही येत होती तर तेव्हा अंगठा का दिलात?”

“त्या कागदाला अंगठाच पुरे व्हता,” आत्या म्हणाल्या.

*

धोंडिबांची गोष्ट मी सहसा शेवटी सांगते.

त्यांचा धाकटा मुलगा वारला होता. त्याची बायको शालन सासऱ्याजवळच राहिली. थोरला बबन त्याच गावात वेगळा राहत होता. धोंडिबांनी स्वतः घेतलेलं एक विहिरीजवळचं वावर होतं, ते शालनच्या नावावर करायचं त्यांच्या मनात बरेच दिवस होतं. पण मधल्या काळात त्यांचं विसरणं सुरू झालं. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना वार सांगता येईना. मी दाखला नाकारला. शालन त्यांच्या पायात चपला घालून घेऊन गेली. दुसऱ्यांदाही तसंच झालं. मी म्हटलं, सकाळी लवकर आणा, सकाळी डोकं जरा साफ असतं.

तिसऱ्यांदा ती त्यांना पहिल्या एसटीने घेऊन आली. दाढी केलेली, धुतलेला सदरा. मी तिला बाहेर बसवलं नाही. प्रश्न विचारले आणि या वेळी निष्कर्ष लिहिण्याऐवजी प्रश्न आणि उत्तरं जशीच्या तशी दाखल्यावर लिहून काढली. साबळे वकील म्हणाले, हा दाखला टिकेल की नाही मला सांगता येणार नाही. पण मृत्युपत्र झालं.

धोंडिबा गेल्यावर शालनचं नाव सातबाऱ्याला लावायची वेळ आली, तेव्हा बबनने हरकत घेतली. वडिलांना माणसं ओळखू येत नव्हती, असा त्याचा अर्ज होता. मंडल अधिकाऱ्यांपुढे सुनावणी ठेवली आणि मला बोलावणं आलं. शालन दाराशी उभी होती, बबन समोर बाकावर. साहेबांनी मला काहीच विचारलं नाही. दाखला हातात घेऊन मोठ्याने वाचायला लागले.

“वावर कुठे आहे? विहिरीच्या खालच्या अंगाला, बांधावर दोन आंबे. मुलं किती? दोन, धाकटा गेला. थोरल्याचं नाव? बबन, त्याला त्याचा वाटा दिलाय. समोर बसलेली ही बाई कोण? आठवत न्हाई. मग वावर कुणाला द्यायचं? हिलाच.”

बबनने साहेबांना शेवटचं पुन्हा वाचायला सांगितलं. साहेबांनी वाचलं.

मग त्याने टेबलावरचा आपला अर्ज परत मागून घेतला.